आज पाण्यावर कोण आलं?

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गोष्ट इतकी जुनी आहे की गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही. पण त्या गावाच्या शेवटाला दोन भावांची दोन शेतं होती आणि दोन्हींच्या मध्ये एक बांध होता, एवढं मात्र अजून सांगतात.

थोरला भाऊ शांत होता. धाकटा घाईचा. वडील वारल्यावर वाटणीची वेळ आली, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "काळी जमीन माझी."

थोरला म्हणाला, "बरं."

मग थोरल्याच्या वाट्याला माळाकडची मुरमाड जमीन आली आणि तिच्यात ठेवलेली एक दगडी डोण आली. डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची लांबट कुंडी. ही डोण एकाच काळ्या दगडातून कोरलेली होती. कडा उतरत्या, आणि वर्षानुवर्षं तोंडं लागून लागून गुळगुळीत झालेल्या.

त्या घराची एक रीत होती. माघ संपत आला, ओढ्याची धार तुटली, की रोज सकाळी विहिरीचं पाणी नेऊन डोण भरायची. ती रानातल्या जिवांसाठी. पाणी ओतून झालं की पाठ फिरवायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. वडील म्हणायचे, "कुणी जेवत असलं तर आपण त्याच्या ताटाकडे बघत बसतो का? मग पिणाऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचं?"

थोरला ही रीत पाळायचा. खांद्यावर कावड घेऊन यायचा, दोन्ही घागरी रिकाम्या करायचा, पुन्हा जायचा, पुन्हा यायचा, आणि डोण काठोकाठ भरली की आपल्या वाटेला लागायचा. त्याचं घर उताराखाली होतं. तिथून डोण दिसत नसे.

धाकट्याला मात्र ती चांगली दिसायची. तो आपल्या शेतातच झोपडी बांधून राहायचा. ज्वारी राखायला त्यानं चार खांबांचा उंच माळा उभा केला होता. त्यावर बसून तो गोफण फिरवायचा, पाखरं हाकायचा, आणि हात दुखले की बांधापलीकडे बघत राहायचा.

फाल्गुन लागला की बघण्यासारखंच असायचं. पळसाला पान उरायचं नाही, नुसती फुलं. काटेसावरीवर भोरड्यांचे थवे उतरायचे, आणि फुलांचा रस पिऊन चोची चिकट झाल्या की धुवायला डोणीवर यायचे. तित्तर यायचे, एकामागे एक, लग्नाला निघाल्यासारखे. ससा यायचा, पण एक घोट प्यायला दहा वेळा थांबायचा. मुंगूस यायचं आणि आल्याबरोबर सगळ्यांशी भांडायचं. आणि एखाद्या दुपारी, कधीतरीच, काळवीट यायचा. पिळाची शिंगं, पाठ काळी, पोट पांढरं. तो आला की बाकीचे आपोआप बाजूला सरायचे.

संध्याकाळी थोरला बांधावर येऊन उभा राहायचा. माळ्याकडे मान वर करून विचारायचा, "काय रे, आज पाण्यावर कोण कोण आलं होतं?"

हा प्रश्न धाकट्याला झोंबायचा. त्याला वाटायचं, काळी जमीन माझी, ज्वारी माझी, आणि येतात सगळे याच्याकडे. वर मलाच विचारतो. इतकं पाणी वाहणारा माणूस न बघता राहील का? कुठल्यातरी झुडपाआडून बघत असणार, आणि इथे येऊन माझ्या तोंडून वदवून घेतो.

म्हणून तो सांगायचा तेही कसंबसं. "आल्या होत्या भोरड्या. एक ससा." आणि ज्या दिवशी काळवीट यायचा, त्या दिवशी तर तो तोंड पाडून म्हणायचा, "काही नाही. आज कुणी फिरकलंसुद्धा नाही."

"असं का," थोरला म्हणायचा आणि घरी जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खांद्यावर कावड.

असे कितीतरी फाल्गुन गेले.

मग एका पावसाळ्यात थोरला गेला.

त्याला ताप चढला तेव्हा ओढ्याला पूर होता आणि वैद्य पलीकडच्या गावात होता. धाकटा पुरात उतरला. लोकांनी त्याला ओढून काढलं. तो पुन्हा उतरला. पुन्हा काढलं. पाणी ओसरलं तेव्हा वैद्याला आणायचं काही कारण उरलं नव्हतं.

स्मशानातून परतताना मागे वळून बघायचं नसतं. सगळे खाली मान घालून चालले होते. धाकट्यानं वळून बघितलं. एका म्हाताऱ्यानं त्याची मान धरून पुढे वळवली. थोडं चालून झाल्यावर त्यानं पुन्हा वळून बघितलं.

उताराखालच्या घरात आता थोरल्याची बायको एकटी राहिली. धाकटा तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी म्हणायची. पूर्वी दोघांचं चांगलं जमायचं. ती थट्टेखोर होती. झोपडीत त्यानं थापलेली भाकरी हातात घेऊन म्हणायची, "भावजी, ही खायची की गोफणीत घालायची?" आता समोरासमोर आले की दोघांनाही बोलणं सुचत नसे.

गावातले लोक भेटायला यायचे. ते सगळे वहिनीच्या ओसरीवर बसायचे. डोळे पुसायचे, थोरल्याच्या गोष्टी काढायचे, आणि परत जाताना बांधावरून धाकट्याकडे बघून नुसती मान हलवायचे.

धाकटा माळ्यावर बसून हे बघायचा आणि आतल्या आत जळायचा. ही या घरात आली त्याच्या कितीतरी आधी दादा माझा होता. मला पोहायला त्यानं शिकवलं. मला झाडावरून उतरता येईना तेव्हा खाली खांदा देऊन तो उभा राहिला. आणि आता दुःख सगळं हिच्या दारात. माझ्या वाट्याला काय, तर बांधावरून हललेली मान.

हिवाळा असाच गेला. ज्वारी आली, कापली, खळ्यावर गेली. माघ सरत आला. ओढ्याची धार तुटली.

एका सकाळी धाकटा माळ्यावर बसला होता, तर उतारावरून कावड वर येताना दिसली. आधी नुसती कावड, खांद्यावरची काठी आणि डुलणाऱ्या दोन घागरी. तो ताडकन उभा राहिला. माळा करकरला.

मग कावडीखालचा पदर दिसला. वहिनी होती.

तिनं घागरी डोणीत रिकाम्या केल्या. पुन्हा गेली, पुन्हा आली. डोण भरली तशी तिनं पाठ फिरवली आणि मागे न बघता उतार उतरून गेली.

आणि मग एकेक सगळे आले. भोरड्या आल्या. तित्तर आले. ससा आला, दहा वेळा थांबला, प्यायला. मुंगूस आलं आणि भांडलं. कुणाचंच काही अडलं नाही. पळसाला फुलं आली होती, सावरीला आली होती, ओढ्याच्या कडेला तांबट पक्षी टुक टुक करत बसला होता.

धाकट्याला ते सहन होईना. वर्षभर ही सगळी कुठे होती? आणि आता बरी परत आली. सगळ्यांना परत यायची वाट सापडते. पाखराला सापडते, फुलाला सापडते. एकट्या दादाला तेवढी सापडत नाही. आणि ही सगळी परत आली तीसुद्धा कुणाकडे, तर वहिनीकडे. जणू दादाच्या मागे तीच एक उरली आहे.

त्यानं त्याच दिवशी जाऊन गवंड्याला आणलं.

"हौद बांधायचा," तो म्हणाला. "मोठा. त्या डोणीच्या चौपट."

गवंड्यानं शेत बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. "ऊस लावणार का?"

"पाखरांसाठी आहे."

"पाखरांसाठी." गवंड्यानं तंबाखू मळली. "मग बसायला पाट पण करू का त्यांना? लग्नाचे मानकरी असतील तर आधी सांगावं माणसानं."

"तू बांध."

गवंड्यानं दगडचुन्याचा हौद बांधला. उंच, सरळ भिंतींचा, पांढरा शुभ्र. धाकट्यानं बैल जुंपून मोट हाकली आणि तो भरला. काठावर मूठमूठ ज्वारी पसरली. मग शेजारीच मांडी घालून बसला आणि बघत राहिला.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेपासून बसला. ऊन चढलं, ऊन उतरलं. बांधापलीकडे डोणीवर सगळा बाजार भरला होता. इकडे शेवटी एक कावळा आला. काठावर बसला, आत डोकावला, पाणी फार खाली आहे असं बघितलं, हौदात शिटला, आणि डोणीवर जाऊन पाणी प्यायला.

धाकट्यानं हातातली ज्वारी जमिनीवर आपटली.

त्याच संध्याकाळी वहिनीचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, आईनं आठवण काढली आहे, असं म्हणाला. वहिनीनं गाठोडं बांधलं आणि बांधावर येऊन उभी राहिली. दोघांचं नीट बोलणं कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

"भावजी, मी शिमग्यापर्यंत येते. तोवर तेवढी डोण भराल का?"

"भरीन."

"उन्हं वाढली आहेत. एक दिवस चुकवू नका. त्यांच्या लक्षात राहतं."

"भरीन म्हटलं ना."

"आणि भरून झालं की मागे वळून बघू नका." ती किंचित हसली. "तेवढं तुम्हाला जमणार नाही, ठाऊक आहे मला. पण सांगायचं काम केलं."

गाडी निघाली. वहिनी मागे बसली होती आणि तिचा भाऊ बैल हाकताना मान वळवून तिला काहीतरी सांगत होता. ती हसली असावी. धाकटा बघत राहिला. हिला न्यायला भाऊ येतो, त्याच्या मनात आलं. गाडी जुंपून, आईचा निरोप घेऊन, भाऊ येतो. मला न्यायला कोण येणार आहे?

तो रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं बैल सोडले, साखळी घेतली आणि बांध ओलांडला.

डोणीत थोडं पाणी होतं. ते त्यानं लवंडलं. डोणीला साखळी बांधली आणि बैलांना हाक दिली. डोण हलेना. त्यानं आसूड ओढला. बैलांनी गुडघे टेकले, मग उठले, आणि डोण सरकली. तिच्याखालची ओली जमीन उघडी पडली, आजवर कधी ऊन न बघितलेली. मध्ये बांध आला. डोण बांधावर चढेना, तशी धाकट्यानं कुदळ घेऊन बांधच फोडला. वडिलांनी घातलेला बांध. त्या खिंडारातून डोण ओढताना एक दगड लागला आणि तिच्या काठाचा हाताएवढा टवका उडाला.

ती त्यानं आपल्या माळ्याच्या पायथ्याशी आणून ठेवली आणि भरली. पाणी टवक्यापर्यंतच राहत होतं. तरी त्याला बरं वाटलं. आता बघू कुठे जातात, तो म्हणाला, आणि माळ्यावर चढून बसला.

भोरड्या आल्या. थवा डोणीच्या जुन्या जागी उतरला, ओल्या मातीत चोची घासून बघितल्या, आणि एकदम उडाला. तो ओढ्यापलीकडे निघून गेला. तित्तर रांगेनं आले. पुढचा थांबला तसे सगळे थांबले. त्या मोकळ्या जागेभोवती ते फिरले, आणि आले तसेच रांगेनं परत गेले.

डोण तिथून काही लांब नव्हती. पाण्यावर ऊन चमकत होतं. पण ती जिथे होती, त्या माळ्यावरून सगळा हिवाळा गोफणीचे दगड आले होते. कोण येणार तिथे?

दुसऱ्या दिवशी थोडेच आले. तिसऱ्या दिवशी ससा तेवढा आला. थांबत थांबत त्या जागेपर्यंत पोचला आणि मग किती वेळ थांबूनच राहिला. त्यानंतर कुणी आलं नाही. सावरीवरचा कलकलाट बंद झाला. रान एवढं गप्प झालं की धाकट्याला आपल्या बैलांचं रवंथ ऐकू यायला लागलं. अशी शांतता त्यानं एकदाच ऐकली होती. पूर ओसरल्यावर, घरात.

शिमग्याच्या आदल्या दुपारी काळवीट आला.

तो लांबून आला होता. पायांवर धूळ होती. नेहमीसारखा सरळ आपल्या जागी आला आणि मान खाली घातली. डोण नव्हती. त्यानं सुकलेल्या मातीला नाक लावलं. एका पायानं माती खरवडली. मग मान वर केली आणि तो उताराकडे बघत उभा राहिला. ज्या वाटेनं कावड यायची, त्या वाटेकडे.

धाकट्यानंही त्या वाटेकडे बघितलं.

वाट रिकामी होती. त्या दोघांशिवाय त्या वेळी तिकडे कुणी बघत नव्हतं. काळवीट हलला नाही. धाकटाही हलला नाही. धाकट्याला एकाएकी कळलं की हा वाट बघतो आहे. पाण्याची असेल, माणसाची असेल, पण वाट बघतो आहे, आणि तो माणूस येणार नाही हे याला कुणी सांगितलेलं नाही. सहा-सात महिने आपण एकटेच या वाटेकडे बघतो आहोत असं त्याला वाटत होतं.

तो माळ्यावरून घाईघाईनं खाली उतरू लागला. त्याला काय करायचं होतं कुणास ठाऊक. खांब करकरला आणि काळविटानं झेप घेतली. माळावर धुळीची एक रेघ उठली आणि बसली.

धाकटा रिकाम्या जागेपाशी जाऊन मटकन बसला आणि रडला. पावसाळ्यात तो रडला नव्हता.

संध्याकाळी बैलगाडी आली. वहिनी उतरली आणि भावाला निरोप देऊन सरळ वर आली. तिनं फोडलेला बांध बघितला. जमिनीवर उठलेला डोणीचा ओरखडा बघितला. माळ्याखाली डोण बघितली, शेजारचा पांढरा हौद बघितला. धाकटा मान खाली घालून उभा होता. आता ती बोलेल, गाव गोळा करील, असं त्याला वाटलं.

वहिनी बांधाच्या खिंडारात उभी राहिली आणि म्हणाली, "काय भावजी, आज पाण्यावर कोण कोण आलं होतं?"

अगदी तेच शब्द. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला टोचू नका वहिनी. दादापण हेच करायचा. सगळं स्वतःला ठाऊक, आणि मिरवायला मला विचारायचं."

"कुणाला ठाऊक?"

"तुम्हाला. दादाला. पाणी भरायचं आणि लपून बघायचं, आणि मग इथे येऊन..."

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुमच्या दादानं आयुष्यात काळवीट बघितला नाही."

धाकट्यानं मान वर केली.

"एकदाही नाही. मी म्हणायचे, जरा थांबा ना झाडाआड, कोण बघतंय? तर म्हणायचे, वडिलांनी सांगितलंय. मीही अजून काही बघितलं नाही. रोज ओतते आणि येते. भोरडीचा रंग कसला असतो हेसुद्धा मला ठाऊक नाही."

"मग तो विचारायचा कशाला?"

"ऐकायला. दुसरं कुणाला विचारणार? बघणारे तुम्ही एकटे." ती खिंडारातल्या मातीवर बसली. "बांधावरून आले की जेवताना मला सगळं सांगायचे. आज तित्तर आले म्हणे. आज मुंगसानं भोरड्यांना पळवलं म्हणे. धाकट्यानं सांगितलं म्हणजे खरं."

"मी नीट सांगत नव्हतो," धाकटा म्हणाला. "कधी कधी खोटंच सांगायचो."

"तेही ठाऊक होतं त्यांना."

"काय ठाऊक होतं?"

वहिनीच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "ज्या दिवशी तुम्ही तोंड पाडून म्हणायचात ना, आज कुणी फिरकलंसुद्धा नाही, त्या दिवशी हे उड्या मारत घरी यायचे. दारातूनच ओरडायचे, अगं, आज काळवीट आला होता. मी विचारायचे, भावजी म्हणाले का तसं? तर म्हणायचे, म्हणाला नाही म्हणून तर कळलं. मग मला गूळ फोडायला लावायचे. तुमच्या एका पडलेल्या तोंडापायी किती गूळ संपला या घरातला."

धाकट्याला हसू आलं आणि त्या हसण्याचं मध्येच दुसरंच काहीतरी झालं. वहिनीनंही पदर तोंडाला लावला. धाकटा येऊन फुटलेल्या बांधावर तिच्याशेजारी बसला आणि दोघंही रडली. ओसरीवर आलेल्या इतक्या माणसांत वहिनी असं कुणाजवळ रडली नव्हती, आणि हे धाकट्याला माळ्यावरून कधीच दिसलं नव्हतं.

"आज आला होता तो," शेवटी धाकटा म्हणाला. "पाणी नव्हतं. वाटेकडे बघत उभा राहिला."

वहिनी उठली. "मग बसलात काय? बैल जुंपा."

अंधार पडायच्या आत त्यांनी डोण परत नेली आणि तिच्या जुन्या खाचेत बसवली. धाकट्यानं बांध पुन्हा घातला. गोफण चुलीत घातली. मोठ्या हौदाचं पाणी त्यानं वांग्यांना सोडलं. गवंड्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "मानकरी वांगी होती होय, आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं डोण भरली आणि मागे न बघता गेली. धाकटा माळ्यावर बसला.

कुणी आलं नाही.

संध्याकाळी वहिनीनं बांधावर येऊन विचारलं, "आज पाण्यावर कोण कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

तिनं त्याचं तोंड निरखून बघितलं. "हं. खरं बोलताय."

असं बरेच दिवस झालं. शिमगा होऊन गेला. पळसाची फुलं गळून जमीन शेंदरी झाली. धाकट्याला रोज वाटायचं, आपण घालवलं ते आता येत नाही. उतरावं, काहीतरी करावं, असं त्याच्या हातापायांना व्हायचं. पण आता करण्यासारखं काही नव्हतं. बसायचं आणि बघायचं, एवढंच होतं. ते त्याला आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

मग एका सकाळी एक भोरडी आली. टवक्यातून झिरपलेल्या पाण्याचं एक लहानसं डबकं झालं होतं, त्यात उतरून तिनं पंख भिजवले. संध्याकाळी धाकट्यानं सांगितलं, "एक भोरडी. अंग गुलाबी, डोकं काळं, पंख काळे. तुम्हाला रंग ठाऊक नव्हता ना." दुसऱ्या दिवशी थवा आला. मग तित्तर आले, पण रांग आता लहान होती. ससा आला. मुंगूस काही त्या वर्षी आलं नाही.

आणि एका टळटळीत दुपारी माळावर काहीतरी हललं. धाकट्यानं श्वास रोखला. काळवीट चालत आला, डोणीपाशी थांबला, काठाच्या टवक्याला नाक लावून बघितलं आणि मान खाली घालून पाणी प्यायला. पोटभर प्यायला. मग मान वर करून त्यानं उताराच्या वाटेकडे थोडा वेळ बघितलं, आणि आला तसा सावकाश निघून गेला.

संध्याकाळी वहिनी बांधावर आली. माळ्याकडे मान वर करून तिनं विचारलं, "काय भावजी, आज पाण्यावर कोण कोण आलं होतं?"

धाकट्यानं तोंड उघडलं. त्याला सगळं सांगायचं होतं, शिंगांचा पीळ, पायांवरची धूळ, वाटेकडे बघणारे डोळे. पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "काही नाही. आज कुणी फिरकलंसुद्धा नाही."

वहिनीनं त्याचं तोंड निरखून बघितलं. मग तिथल्या तिथे बांधावर मांडी घालून बसली.

"गूळ घरी आहे," ती म्हणाली. "तो नंतर फोडू. आधी सांगा, कुठल्या बाजूनं आला?"

आणि धाकटा माळ्यावरून उतरला, बांधावर तिच्यासमोर बसला, आणि सांगायला लागला.

तात्पर्य: पाणी भरणाऱ्याचा वाटा वेगळा आणि बघून सांगणाऱ्याचा वाटा वेगळा. दुसऱ्याच्या वाट्याकडे बघून जो जळतो, त्याला आपल्या हातात काय दिलेलं आहे ते दिसत नाही.